कुंडीत पुरलेलं कापड

आमच्या संशोधन गटाने बनवलेलं कापड मातीत कुजतं का, यावर माझी पीएचडी अवलंबून होती. प्रयोगशाळेमागच्या कुंडीत मी त्याचा तुकडा पुरला होता. तीन महिन्यांनी तो धुऊन, इस्त्री करून माझ्या टेबलावर ठेवलेला दिसला. झाडलोट करणाऱ्या मावशींनी तो वारज्याला घरी नेला होता.

“अहो मावशी, तो मुद्दाम पुरला होता.”

“चांगलं कापड कुणी पुरतं का? आणि शिकलेली माणसं तुम्ही. काठ विरले होते, तेही शिवलेत.”

प्रयोग वाया गेला होता. तरी मी विचारलं, “किती काठ विरले होते?”

“चारही.”

म्हणजे कापड कुजत होतं. दुसरा तुकडा मी मावशींच्या देखत पुरला.