निवडुंगाचा कोट

लढाई पेटण्याआधी आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे शिलाई. फक्त त्या दिवशी गिऱ्हाईक निवडुंग होतं.

सौदीतल्या हफ्र अल बातिनला टेलरिंगचं दुकान होतं. दुकान कफिलाचं, म्हणजे आम्हाला व्हिसा देणाऱ्या अरब मालकाचं, शिवायचो मी. बायको त्याच्या घरच्या बायकांचे कपडे शिवायची, म्हणून तिलाही व्हिसा मिळालेला. दुकानामागं खोली, खोलीमागं अंगण, अंगणात तो निवडुंग. आपल्याकडच्या कुंपणाचा नव्हे. हा झाडासारखा सरळ वाढलेला, माझ्या उंचीचा, दोन्ही बाजूंना एकेक फांदी वर वळलेली. लांबच्या कुठल्यातरी मुलखात कोरड्या डोंगरावरच्या झुडपांत उगवतो म्हणे. कफिलानं टाकून दिलेला, हिनं उचलून आणला. पहिल्या वर्षी रायगडच्या सवयीनं रोज तांदळाचं धुवण ओतलं आणि बूड कुजवलं. मग कुजकं कापलं, जखमेला रोटीच्या भट्टीतली राख फासली, सावलीत सुकवला, परत लावला. जगला. तेव्हापासून त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललेलं तिला खपत नसे.

इराकनं कुवेत घेतलं आणि आमचं गाव फौजेनं भरलं. सरहद्द जवळच. जानेवारीत कफील म्हणाला, "मास्टर, उद्या सकाळी गाडी जेद्द्याला जातेय. बायकोला बसव." मी तिची ट्रंक भरून गाडीच्या टपावर बांधूनही आलो.

"मी जायची नाही," ती म्हणाली.

"इथं मरशील."

"आणि तुम्ही काय अमरपट्टा घेऊन आलाय?"

थंडी तर अशी, की सकाळी बादलीतलं पाणी गोठलेलं असायचं. मी अंगणाकडं बोट केलं. "हा तुझा लाडका आजची रात्र काढायचा नाही. तो काढत नाही तिथं तू काय काढणार?"

"आणि काढली तर?"

"तर ट्रंक मी उतरवतो."

बोललो ते बोललो. हिनं लगेच टेप काढली आणि निवडुंगाची छाती मोजली. फौजी तंबूचं खाकी कापड दुकानात उरलेलं होतं, अस्तराला जुन्या ओढण्या. मला तिला पाठवायचं होतं. एखादी शिवण सैल सोडली असती तर काम झालं असतं. पण वाईट शिवणं मला जमत नाही. बाह्या मीच बसवल्या, वर केलेल्या हातांच्या. तसल्या बाह्या त्याआधी कधी कापल्या नव्हत्या. बटणं हिनं लावली, शेंड्यावर टोपीही चढवली. काटे दोघांनाही टोचले.

दिवस मावळता मावळता गस्तीच्या शिपायानं भिंतीवरून आत पाहिलं आणि बंदूक रोखली. खाकी कोट, हात वर, हलत नाही.

ही स्वयंपाक टाकून धावली. "शजरा, शजरा," तिला येत होती तेवढ्या अरबीत ओरडली. म्हणजे झाड.

शिपाई आत आला, त्यानं कोट चाचपला, काटा लागला तसा हात चोखत म्हणाला, "याचा कोट माझ्यापेक्षा चांगला आहे."

मी ते तिला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "सांगा त्याला, माप देऊन जा."

त्याच रात्री विमानं सुरू झाली. खिडक्या थडथडत होत्या.

ती यंदा गेली, आमच्या गावातल्या घरात, माझ्यासमोर. लोक सांगतात, धीर धर. मला धीर काय करायचाय, मला ती पाहिजे. पण त्या लढाईत मी एकटा नव्हतो, शेवटपर्यंत नव्हतो. हे कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही.

सकाळी कोटावर पांढरं दव गोठलं होतं. कोटाची पाठ नुसती फळीसारखी कडक. हिनं खालून एकेक बटण काढलं, मी वरची टोपी उचलली. आतला निवडुंग हिरवागार, टणक, शेंड्यापर्यंत. बाह्यांतले दोन्ही हातसुद्धा.

ती माझ्याकडं बघेना. अंगणाच्या दाराकडं बघत म्हणाली, "गाडी उभी असेल."

मी बाहेर गेलो. ड्रायव्हर हॉर्न देत होता, "मास्टर, भाभी को बिठाओ, यल्ला, चलो."

"भाभी नहीं आती. खलास." टपावर चढलो, दोर सोडला, ट्रंक डोक्यावर घेतली आणि अख्ख्या बाजारातून मिरवत घरी आणली.