धुतलेल्या नळ्या

आमच्याकडं एक रीत आहे. पाहुणी जेवून उठली की आपण म्हणायचं, "ताट राहू द्या, मी घासते की." आणि पाहुणीनं काही न ऐकता ताट घासून पालथं घालायचं. जी खरंच ठेवून जाते तिची चर्चा पुढं वर्षभर. सेंटरमधल्या ताई मला म्हणाल्या, "वापरलेल्या नळ्या धुऊ नका हं," तेव्हा मी याच हिशेबानं मान डोलावली.

नवऱ्याला एचआयव्ही असल्याचं कळून फार दिवस झाले नव्हते. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलच्या गाठी टेम्पोनं पोचवायचा, मी तिथंच एका कारखान्यात टॉवेलच्या काठाला शिलाई मारायचे. माझी तपासणी निगेटिव्ह आली होती. निरोध वापरायचाच, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. तो वापरायचा, मर्जी असेल तेव्हा. मर्जी नसेल तेव्हा मी भिंतीकडं बघत पडून राहायचे.

म्हणून तपासणीच्या सेंटरमध्ये एका नव्या जेलच्या चाचणीचं कळलं तेव्हा मी हावरटासारखी पुढं झाले. बाईनं आधीच नळीनं आतून लावून घ्यायचं, नवऱ्याची मर्जी विचारायला नको. त्या जेलनं रोग अडतो का आणि काही अपाय तर होत नाही ना, हेच तपासायचं होतं. कुणाच्या नळीत औषध आणि कुणाच्या नळीत नुसतं जेल, ते सेंटरमधल्या ताईंनाही ठाऊक नव्हतं. निरोध सोडू नका, असं ताई दरवेळी सांगायच्या. मला सांगून काय उपयोग होता?

रिकाम्या नळ्या पिशवीत घालून परत न्यायच्या होत्या. आता तुम्हीच सांगा, असली वस्तू जशीच्या तशी परक्या बाईच्या हातात कशी ठेवायची? मोरीचं दार लावून, नळ सोडून मी एकेक नळी कपड्याच्या साबणानं घासायचे. सासू बाहेरून ओरडायची, "किती येळ गं? न्हातीस का झोपलीस तितं?"

एकदा ताईंनी मला आत बोलावलं. "या नळ्या वापरलेल्या दिसत नाहीत. आम्ही रंगात बुडवून बघतो, अंगाला लागलेली नळी रंग धरते. वापरल्या नसतील तर सांगून टाका, मी रागावणार नाही."

"वापरल्यात की," एवढंच मी म्हणाले. धुतल्या, हे सांगायला तोंड उघडेना. ताईंनी समजूतदारपणानं मान हलवली आणि तो समजूतदारपणाच मला जास्त झोंबला. चोरी न करता मी चोर ठरले होते. वापरतच नाही म्हणून यांनी मला काढून टाकलं तर माझ्या हातात काय राहणार, या विचारानं घरी भाकरी थापताना हात चालेना.

पुढच्या खेपेला सगळ्या बायकांना हॉलमध्ये बसवलं. ताई म्हणाल्या, बऱ्याच जणींच्या नळ्या कोऱ्याच निघतात. असंच चाललं तर हे औषध गुणाचं की बिनकामाचं, ते कधीच कळणार नाही.

कुणी वर बघेना. मला आधी राग आला आणि त्या रागाच्या भरातच मी उभी राहिले.

"आमी वापरलं हाय. धुऊन आणलं."

उभी राहिले आणि वाटलं, अंगावर लुगडंच नाही. मागून एक वयस्कर बाई हळूच म्हणाली, "मैं बी धोकोच लाई." मग पदराआडून दोन-तीन हात वर आले, मग आणखी काही.

ताई म्हणाल्या, "अहो, पण का धुतल्यात? नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"तुमच्या हातात आमची घाण कशी द्यायची, ताई?"

मी हे अगदी सरळ, समजावून सांगावं तसं बोलले. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. ताईंचा चेहरा मात्र एकदम उतरला. त्यांना काय लागलं, ते मला बस स्टॉपवर उभी असताना कळलं. रोग नवऱ्याच्या अंगात होता आणि घाण मी माझ्या अंगाला म्हणाले होते.