दोरीवरचं झबलं

रविवार, ११ जुलै १९८२. रक्कम पंचेचाळीस रुपये. हजर माणसं तीन : मी, माझी पत्नी आणि माझी आई. पैसे पत्नीच्या शोधनिबंधाच्या नोंदणीचे होते. ते मी मोजून तिच्या हातावर ठेवले तेव्हा आई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती.

"कायचे पैसे होय हे?" तिनं विचारलं.

"निबंधाचे. शिवणकाम आणि कपडे यांवर लिहायचं आहे तुझ्या सुनेला."

"कपडे शिवाचे पैसे लागतात हे मले ठाऊक होतं. कपड्यावर लिवाचे बी लागतात का? एवढ्यात तं एक लुगडं आलं असतं, बाप्पा."

"लुगडं फाटतं, आत्याबाई," पत्नी म्हणाली. "डिग्री फाटत नाही."

"फाटली तं तिले ठिगळ बी लागत नाई," आई म्हणाली आणि तांदळातला खडा अंगणात फेकला.

तेव्हा आम्ही नालवाडीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. मी एका जिनिंग-प्रेसिंगच्या कचेरीत हिशेबाच्या कामाला होतो. पावसाळ्यात कापूस नसतो, यंत्रं बंद असतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टात मी ऊन असतानाच घरी यायचो. लग्नाला आठ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. वर्ध्याचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले, आईच्या सांगण्यावरून दोन-चार उपवास झाले. मग एके दिवशी पत्नीनं सांगितलं की आता मी एम. ए. करते, गृहअर्थशास्त्रात. मी हो म्हणालो. घरात ज्या वेळेला काम असायला हवं होतं ती वेळ रिकामी होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बोलण्याची गरज नव्हती.

शोधनिबंधाचा विषय जुलै संपायच्या आत ठरवायचा होता. कॉलेजातल्या मार्गदर्शक बाईंनी एक यादी दिली होती. सिनेमामुळे मुलींच्या पोशाखात झालेला बदल, घरगुती शिलाई मशीन आणि बचत, असे विषय. मला स्वतःला शाळेच्या गणवेशाचा विषय पसंत होता. एका घरात किती मुलं, एका मुलाला किती कापड, शिलाई किती, वर्षात किती वेळा. मी एका कागदावर रकाने आखूनही दिले. तिनं ते नीट पाहिले.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण हा तुमचा निबंध झाला."

"मग तुझा कोणता?"

"सापडला की सांगीन."

आठवडाभरानं तिनं सांगितलं. आम्ही जेवत होतो. विषय होता, नवजात बाळाचे पहिले कपडे. आपल्या भागात बाळाला पहिल्यांदा नवं कापड घालत नाहीत. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या, भरपूर जगलेल्या माणसाचं धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा लुगडं फाडून त्याचं झबलं शिवतात. अंगाला टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला ठेवतात. आणि बाळ जन्मल्याशिवाय त्या कापडाला सुई लावत नाहीत. कळा सुरू झाल्या की बायका कापड काढून ठेवतात, बाळाचं रडणं ऐकू आलं की शिवायला बसतात.

"या कपड्याचं माप कोणी घेत नाही," ती म्हणाली. "शिंप्याकडे जात नाही, दुकानात मिळत नाही. यावर कोणीच लिहिलेलं नाही."

मी पाण्याचा गडू तिच्याकडे सरकवला. विषय चांगलाच होता. पण त्यासाठी तिला बाळंतिणीच्या खोल्यांमध्ये जावं लागणार होतं. आठ वर्षं मूल न झालेल्या बाईनं बाळंतिणीच्या खोलीत जायचं आणि बाळाच्या कपड्यांना हात लावायचा. त्या काळी आमच्या गल्लीत याचा अर्थ काय होता हे मी इथे फोडून लिहीत नाही. वाचणाऱ्यांना तो कळेल.

मार्गदर्शक बाईंनाही ते कळलं असावं. त्या तिला म्हणाल्या, "विषय नवीन आहे, पण तुम्हाला माहिती मिळेल का, ते बघा. महिनाअखेर पाच घरांतली माहिती आणि एक शिवलेला नमुना आणा. नाहीतर यादीतला विषय घ्या."

ती पहिल्यांदा आमच्या मागच्या घरी गेली. त्या घरातल्या आजीला सगळी गल्लीच आजी म्हणायची. तिची नात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, मुलगी झाली होती. आजीनं पत्नीला पुढच्या खोलीत बसवलं, चहा दिला, आमच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. बाळाचं विचारलं तेव्हा म्हणाली, "निजलं हाय वं. मंग येजो कधी." दुसऱ्या दिवशी आणखी एका घरी असंच झालं. तिथेही चहा मिळाला. कोणी वेडंवाकडं बोललं नाही. बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

"गणवेश घे," त्या संध्याकाळी मी म्हणालो. "अजून दिवस आहेत."

"गणवेशाच्या घरांत मला चहा मिळेल आणि माहितीही मिळेल," ती म्हणाली. "म्हणूनच नको."

नमुन्यासाठी तिला जुनं कापड हवं होतं. तिनं आईला विचारलं. आईकडे पत्र्याची पेटी होती. त्या पेटीत तळाशी माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या सासूचं, एक लुगडं घडी करून ठेवलेलं होतं. आजी खूप वर्षं जगली. ते लुगडं कशासाठी ठेवलंय हे आईनं कधी सांगितलं नव्हतं. आमचं लग्न झालं त्या वर्षीच तिनं ते धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलं होतं, एवढं मी पाहिलं होतं.

"लेकरू व्हायच्या आंधी झबलं शिवत नाईत," आई म्हणाली. "येणार असलं तरी शिवत नाईत. अन आपल्या घरी तं—"

ती तिथेच थांबली. पत्नी उठून स्वयंपाकाला लागली. दोन दिवस त्या दोघी मीठ-तेलाखेरीज काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर आई ओसरीवर बसली होती, पेटी उघडी होती आणि ते लुगडं तिच्या मांडीवर होतं. दातांनी काठ तोडून तिनं ते उभं फाडलं. जुनं कापड फाटताना आवाज फार होत नाही.

"घे," ती पत्नीला म्हणाली. "पेटीत किडेच खातीन त्याले."

झबलं त्या दोघींनीच शिवलं. आई सांगायची, पत्नी शिवायची. "बारीक टाका घाल. बाहेरून, बाहेरून. हां. गळा मोठा ठेव, लेकराचं डोस्कं अंगापेक्षा मोठं राह्यते." एवढ्या आठ वर्षांत मी आईला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. शिवून झाल्यावर पत्नीनं ते माझ्या हातात दिलं. बाहीत माझी दोन बोटं जेमतेम गेली. मी लगेच काढून घेतली आणि झबलं परत दिलं. त्याचं वजन काही नव्हतंच. हंगामात दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे कापसाच्या गाठी तोलल्या जायच्या. एवढं हलकं काही हातात घेऊन काय करायचं ते मला कळेना.

ते तसंच कॉलेजात नेता आलं असतं. पण आई म्हणाली, न धुतलेलं लेकराच्या अंगाले लावत नाईत. कॉलेजच्या नमुन्याला अंग नव्हतं, पण तिला कोणी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडीप होती. तिनं ते कोमट पाण्यात धुतलं आणि अंगणातल्या दोरीवर, रस्त्यावरून दिसेल असं, वाळत घातलं. मागच्या बाजूलाही दोरी होती. आईनं पुढची निवडली.

आता हे लक्षात घ्यायला हवं की आमच्याकडे जन्माआधी कोणी झबलं शिवत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणजे दोरीवर झबलं दिसलं की घरात बाळ असणार. आणि पत्नीचे दिवस गेलेले कोणी पाहिले नव्हते. म्हणजे बाळ बाहेरून आणलेलं असणार. माझा धाकटा भाऊ आष्टीला शेती करायचा, त्याला तीन मुलं होती, हेही गल्लीला ठाऊक होतं. मी चार वाजता घरी आलो तेव्हा मागच्या घरची आजी आमच्या ओसरीवर उभी होती. तिच्या हातात काळ्या मण्यांच्या इवल्याशा मनगट्या होत्या.

"आष्टीवाल्याचं आणलं का वं?" ती पत्नीला विचारत होती. "कवा आणलं? मले एका शब्दानं नाई सांगतलं! पोट्टं हाय का पोट्टी?"

आई आतून आली आणि दाराला धरून उभी राहिली.

"दाखव ना वं," आजी म्हणाली. "नजर नाई लागत माही. मनगट्या घेऊन आली मी."

"आजी, बाळ नाही," पत्नी म्हणाली. "ते झबलं कॉलेजसाठी शिवलंय."

"कॉलेजात लेकरं हायेत का?"

"नाहीत. दाखवायला न्यायचं आहे. कसं शिवतात ते."

आजीनं दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? भावाचं मूल आणायचा विषय आमच्या घरात एकदा निघाला होता. भावजयीनं दिवाळीत धाकट्याला माझ्या पत्नीच्या मांडीवर बसवलं होतं आणि तो रडत परत आपल्या आईकडे गेला होता. त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. पण आजीनं विचारलं त्या क्षणी, कसं ते सांगता येत नाही, मला एकदम वाटलं की हो म्हणावं. आत आहे, निजलंय, मग या, असं म्हणावं.

आजी ओसरीवर बसली. तिनं झबलं मागितलं. ते अजून ओलसर होतं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"हे लुगडं तुह्या सासूचं होय ना?" तिनं आईला विचारलं.

"होय," आई म्हणाली.

"कायले फाडलं वं, माय?"

आजीनं मनगट्या कमरेला खोचल्या आणि उठली. पायरी उतरताना ती पत्नीकडे न पाहता म्हणाली, "त्या दिशी तू आलती तवा लेकरू जागंच होतं. उद्या सकाळी येजो. तेल लावाच्या वक्ती येजो, म्हंजे सारं उघडं पाहाले भेटीन."

"नातीच्या सासरचे काही म्हणतील, आजी," पत्नी म्हणाली.

"म्हणू दे. घर माह्यं हाय."

पुढचं थोडक्यात सांगतो. आजीनं तिला फक्त स्वतःच्या घरी नेलं नाही, हाताला धरून आणखी घरांतही नेलं, अगदी ज्या घरी चहा देऊन परत पाठवलं होतं तिथेही. आजीबरोबर आलेल्या बाईला दारातून वळवायची गल्लीत कोणाची हिंमत नव्हती. महिनाअखेर विषय मंजूर झाला, निबंध वेळेवर झाला, तिला चांगले गुण मिळाले. मूल आम्हाला झालं नाही. आता ती वेळ गेली. आई जाऊनही काही वर्षं झाली. आजही रस्त्यानं जाताना कोणाच्या दोरीवर लहान कपडे दिसले की माझी पावलं आपोआप हळू होतात, आणि पत्नी बरोबर असली तर तिचीही होतात. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही, घरी येऊन आपापल्या कामाला लागतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या सकाळचं. ती आजीकडे सातला गेली आणि नऊच्या पुढे आली. हातातला कागद कोरा होता.

"काही विचारलं नाहीस?" मी म्हणालो.

"मांडीवर दिलं त्यांनी," ती म्हणाली. "दोन्ही हात गुंतले होते. लिहिणार कशी?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "मी रिकाम्या हातानं गेले हो. लेकरू पहिल्यांदा पाहिलं की हातावर काहीतरी ठेवतात. राहूनच गेलं. तुम्ही जाऊन या."

"मी? बाळंतिणीकडे?"

"दारात उभे राहा. आजी बाहेर आणतील."

"तूच जा ना परत."

"तुम्हीही पाहिलेलं नाही ना," ती म्हणाली.

मी शर्ट बदलून गेलो. दारात उभा राहिलो. आत आजीचा आवाज आला, "कोण होय?" मी सांगितलं. आत बायका हसल्या. आजी मुलीला घेऊन दारापर्यंत आली. मुलगी तेलानं चकचकीत होती, अंगात कोणाच्या तरी धोतराचं झबलं होतं, डोळे मिटलेले होते. मी खिशातून दोन रुपयांची नोट काढली. नोट तिच्या मुठीपेक्षा मोठी होती. मी नोटेची चौघडी केली, तरी मूठ उघडेना.

"हळू उघडा," आजी म्हणाली. "मोडत नाई ते."

मी एकेक बोट सरळ केलं, नोट ठेवली, बोटं परत मिटली. तेवढं केलं आणि वळलो. आजी मागून म्हणाली, "बसा ना, भाऊ, चहा घ्या." मी म्हणालो, कामावर जायचं आहे. कामावर जायला अजून तासभर होता.

त्या निबंधापायी त्या महिन्यात शेवटी दिले ते हे दोन रुपये, आणि ते दिले मागच्या घरच्या दहा दिवसांच्या मुलीला.