निसळ मास्तरांची लॅटिन गाय

इसम नामे नृसिंह दत्तात्रय निसळ, राहणार नगर, वय अदमासे पन्नास, धंदा हायस्कुलात लॅटिन शिकवणे, बांधा किरकोळ, आवाज मोठा, पाच भाषांतून ‘चांगले’ म्हणण्यास सक्षम.

सेहेचाळीस साली हे मास्तर दुभती गाय घ्यायला घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेले. तिथे रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो, आणि घेणाऱ्याने जनावराची स्तुती करायची नसते. पत्नी सुनीतीबाईंनी बजावलं होतं, “तिथे तोंड म्हणून उघडू नका. घरात थेंबभर दूध नाही.”

गाय विकायला आलेल्या तिसगावच्या सहादेवने हातांवर रुमाल टाकला. सौदा जुळत आला. तेवढ्यात मास्तरांना सहादेवची सगळी जनावरं एकत्र दिसली: बैल, गाय, वासरू. तिन्ही लिंगं एका ओळीत, आणि तीही रवंथ करत.

“बोनुस, बोना, बोनुम!” मास्तर गरजले.

“काय म्हनलं?”

“चांगला बैल, चांगली गाय, चांगलं वासरू! लॅटिनातही विशेषण आपल्यासारखंच नामाप्रमाणे बदलतं. लॅटिनचीच पुढची पिढी बघ. ह्या गाईला इटालियन माणूस बुओना म्हणेल, स्पॅनिश बुएना, फ्रेंच बॉन.”

“समदे चांगलीच म्हनत्यात?”

“सगळे!”

सहादेवने रुमालाखालून हात काढून घेतला. “मंग मास्तर, इतक्या मुलखांत नाव झालेली गाय मी ह्या भावात दिऊ व्हय? लई येडा समजता राव.”

मास्तरांनी घाईघाईने गाईच्या शिंगात खोट काढली, पण सहादेव ती ऐकायला थांबला नाही.

संध्याकाळी निसळांकडे कोरा चहा झाला.