कळसाडीच्या शेतात कृत्तिकांचा फोटो

नंदुरबार स्टेशनात हमालानं गोधडीत गुंडाळलेला माझा बारा इंची आरसा उचलला आणि विचारलं, "आत देव शे का?" दोन वर्षं स्वतःच्या हातानं घासलेला आरसा, म्हणजे देवच की! तो दुर्बिणीत बसवून कृत्तिकांभोवतीच्या तेजोमेघाचा फोटो काढायचा होता. तेजोमेघ नावालाच, ती नुसती धूळ, ताऱ्यांच्या उजेडानं उजळलेली. तिच्यासाठी गडद काळोख हवा, म्हणून अमावास्या गाठून, बैलगाडीनं हाडं खिळखिळी करून घेत कळसाडीला पोचलो.

माझ्या विद्यार्थ्याचे काका नथ्थूभाऊ यांच्याकडे उतरलो. वहिनींनी दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. मी तीन भाकरी खाल्ल्या.

अंधार पडल्यावर शेतात माणसाहून उंच पत्र्याची दुर्बीण उभी केली. समोर दादर कणसांनी वाकलेली आणि बांधावर राखणीच्या शेकोट्या. त्या उजेडानं फोटोची काच (प्लेट) काळवंडली असती.

"दोन तास विझवता येतील?" मी विचारलं.

"इस्तो (विस्तव) नही ऱ्हायना ते डुकरं येतस," नथ्थूभाऊ म्हणाले. मग दुर्बिणीकडे बघून म्हणाले, "पन तुम्हनं काम मोठं शे. इझाडी टाकू."

त्यांनी शेकोट्यांवर माती लोटली. दुर्बीण हलू नये म्हणून मी डुकरं हाकायला डबे बडवत फिरायलाही मनाई केली. फोटो हलू नये म्हणून दोन तास मी बाजूच्या छोट्या दुर्बिणीतून एक तारा तिच्यातल्या बारीक तारेवर धरून बसलो. शेतातून कडकड ऐकू येत होती. मी मान वळवली नाही.

शेवटी काचेच्या चौकटीचं झाकण लावायला हात नेला, तर ते लावलेलंच! मी ते काढलंच नव्हतं.

उजाडल्यावर पाहिलं, निम्मी दादर डुकरांनी आडवी केली होती. नथ्थूभाऊंनी आधी विचारलं, "फोटो उना ना?"

"आला," मी म्हणालो.

"मंग चिंता नही. दादर पुढला साल बी पिकी. एक फोटो आम्हले धाडा, भिंतवर लावसूत." वहिनींनी वाटेसाठी चार भाकऱ्या बांधून दिल्या. त्या घेताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी बायकोला एका दमात सगळं सांगितलं. नथ्थूभाऊंना मात्र चार पत्रं लिहिली आणि फाडली. 'फोटो आला नाही' इथवर लेखणी चालते. 'झाकण मीच काढलं नव्हतं' इथं हात धजत नाही. ते वाक्य तुमच्यापुढं लिहून झालं. कळसाडीचं कार्ड अजून कोरंच आहे.