बेंबीभोवतीचा हिंग

भूत, करणी, अंगात येणं... ऑफिसात असल्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी टर उडवणारा मी. अजूनही उडवतो. पण काकांच्या बाबतीत जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नागपुरात नंदनवनला आमचं घर. आईवडील लवकर गेले, मला काका-काकूंनीच वाढवलं. आता काकांना लिव्हर सिरॉसिस आहे. दारूला त्यांनी कधी हात लावला नाही, तरी आजाराचं नाव ऐकून लोक ज्या नजरेनं बघतात, त्यानं माझं डोकं फिरतं. त्यांच्या पोटात पाणी साठतं, ते दवाखान्यात काढावं लागतं. डॉक्टरांनी बजावलं होतं — ताप, पोटदुखी किंवा बोलण्यात गडबड दिसली तर थांबू नका. त्या पाण्यात इन्फेक्शन झालं तर जिवावर बेततं.

काकू गेली त्याला बरेच दिवस झाले. पोटाची कुठलीही तक्रार असो, ती कोमट पाण्यात हिंग कालवून बेंबीभोवती लावायची. माझ्या बायकोला त्या वासानं मळमळतं, त्यावरून दोघींची धुसफूस चालायची. काकूनंतर घरात हिंग आलाच नाही.

उन्हाळ्यातली दुपार. बायको पारशिवनीला माहेरी गेलेली. फाटकाला कुलूप लावून मी मागच्या बाजूनं कूलरमध्ये पाणी भरलं आणि आत आलो... खोलीत हिंगाचा वास. काकांचा सदरा वर सरकलेला, फुगलेल्या पोटावर बेंबीभोवती ओला, पिवळसर लेप. काकांना आधाराशिवाय उठताही येत नाही.

"तुझी काकू आली होती," काका म्हणाले. "म्हणे, पोट दुखून राहिलं तुमचं."

"दुखतं का काका?"

"नाही गा. तीच म्हणून राहिली."

मी घाबरलो, पण काकूला नाही. बोलण्यात गडबड — एवढंच डोक्यात आलं. ओल्या फडक्यानं पोट पुसलं, शेजाऱ्यांची गाडी काढली आणि थेट दवाखाना गाठला.

पोटातलं पाणी तपासलं. इन्फेक्शन निघालं. ताप नाही, दुखणं नाही, तरी होतं असं, डॉक्टर म्हणाले. असा भ्रम हीसुद्धा खूण असते, वेळेवर आणलंत. सलाइनमधून अँटिबायोटिक दिली आणि काका वाचले. मी तिथेच भिंतीकडे तोंड करून रडलो.

म्हणजे भ्रमाचा खुलासा झाला. पण फडक्याला वास होता. बायकोनं परत आल्यावर नाकाला पदर लावून विचारलं, "हिंग कुठून आणला?"

काकांना तो दिवस आठवत नाही. दवाखाना नाही, गाडी नाही. मात्र परवा मी त्यांना जेवण भरवत होतो, तेव्हा एकदम म्हणाले,

"तू काहून पुसला गा तो हिंग? ती दारातच उभी होती. तिले वाईट वाटलं."

आता रोज त्यांचा ताप बघतो, आणि सदरा वर करून वासही घेतो. पुन्हा आला तर दवाखान्यातच नेईन.

पण पुसणार नाही.