साडूंचं पायथन, माझं पीएचपी

माझ्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नसेल. देवळ्याला त्यांच्याकडे जेवायला गेलो, की पानावर बसण्याआधी ते माझ्या मोटरसायकलचं कुलूप ओढून बघतात. एका बारशाला पाळण्याची दोरी तपासता तपासता त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "साडूभाऊ, फायलींना परमिशन काय दिल्यात?" माझ्या वेबसाइटच्या फायली कोणकोण उघडू शकतं, असं त्यांना विचारायचं होतं; बाळाच्या आत्याला वाटलं, दवाखान्याच्या फायली.

ते कांद्याच्या रोजच्या भावांची वेबसाइट चालवतात, मी सातपूरच्या माझ्या लेथ वर्कशॉपची. दोन्ही एकाच कंपनीच्या एकाच सर्व्हरवर होत्या. तिथे शेकडो जणांच्या साइट एकत्र नांदतात, म्हणून भाडं कमी. त्यांची साइट पायथन या संगणकभाषेत लिहिलेली, माझी पीएचपी या दुसऱ्या भाषेत. "पीएचपी म्हंजे दार उघडं टाकून झोपणं हाय," असं ते दर रविवारी फोन करून बजावत. मी जिवाच्या आकांताने भांडायचो. माझा अभ्यास एवढाच, की पीएचपी पुष्कळ लोक वापरतात, म्हणजे बरं असणार. बायकोसमोर मात्र चष्मा काढून, तज्ज्ञासारखा बोलायचो.

एका सकाळी माझ्या साइटवर लेथच्या जागी जुगाराची जाहिरात आली. साडूंना कळवायला मी तीनदा फोन उचलला आणि तीनदा खाली ठेवला. शेवटी फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मग ते म्हणाले, "माझ्याबी साइटवर तेच हाय. शेतकरी भाव विचारून राहिलेत, काय सांगू?"

दुपारी ते लॅपटॉप घेऊन सातपूरला आले. तोवर कंपनीकडून कळलं होतं, की चोर तिसऱ्याच कुणाच्या साइटमधून शिरला. सर्व्हरवर एकमेकांच्या फायलींना आडोसाच नव्हता, त्यामुळे तो सगळीकडे फिरला.

"म्हंजे पीएचपीनं केलं नाय हे," साडू म्हणाले.

"पायथननेही नाही," मी म्हणालो.

इतक्या वर्षांचं भांडण असं दोन वाक्यांत संपलं. बायकोने दोघांना भाकरी वाढली. आम्ही मान खाली घालून जेवलो, आणि संध्याकाळपर्यंत आधी कांद्याचे भाव, मग माझा लेथ जागेवर आणला.

पुढच्याच आठवड्यात साडूंनी दोघांसाठी वेगवेगळे सर्व्हर घेतले. आता कुणाचा कुणाला उपद्रव नाही. रविवारचा फोनही येत नाही. परवा न राहवून मीच केला.

"पायथन काय म्हणतंय?"

"बरं हाय. तुमचं पीएचपी?"

"बरं आहे."

पुढे दोघांनाही काही सुचेना. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.